मागची गिटार

काल्हेरच्या ज्या गोदामात मी काम करतो तिथे दर आठवड्याला शिफ्ट बदलते. दुसरी शिफ्ट असली की सकाळ माझी असते. तेव्हा मी जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवत बसतो. सगळ्या रॉक गिटारच्या, आणि दुकानात कधीच न आलेल्या. कुणी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये भरलेल्या, कुणी घराच्या गच्चीवर. भिवंडीत भंगार सगळीकडून येतं. ओळखीचा एक भंगारवाला कॅसेट दिसल्या की माझ्यासाठी बाजूला ठेवतो. उतरवलेलं मी माझ्या चॅनलवर टाकतो आणि पुढे कधीतरी तीच गाणी स्वतः वाजवून, जमतील तशी, तीही टाकतो. शेजारी कापडाचे यंत्रमाग, म्हणजे लूम, खडखडत असतात, म्हणून माझं रेकॉर्डिंग शुक्रवारी, लूम बंद असताना. ऐकणारे मोजके आहेत, पण कान देऊन ऐकतात.

त्यातल्या एका कॅसेटवर निळ्या शाईत फक्त 'गॅदरिंग, दुसरा दिवस' एवढंच लिहिलेलं होतं. आवाज खरखरीत. पण तिसऱ्या गाण्यात मध्येच एक सोलो येतो, म्हणजे बाकीचे मागे सरतात आणि एक गिटार एकटी पुढे होते. तो मी ऐकला आणि जेवायचं विसरलो. वाजवणारा कोण, कुठला, काहीच कळायला मार्ग नव्हता. 'अनोळखी वादक' असं लिहून मी ते चॅनलवर टाकलं. नंतर दोन महिने घासून तो सोलो बसवला आणि मी वाजवलेलं ते गाणंही टाकलं.

वर्षभराने एका बाईंचा मेसेज आला. त्या कल्याणला शाळेत शिकवतात, माहेर जवळच्या कोन गावचं. त्यांनी लिहिलं होतं की गाणं सुरू व्हायच्या आधी जो आवाज 'वायर बघ रे' म्हणतो, तो त्यांच्या वडिलांचा आहे. तरुणपणी आपण बँडमध्ये लीड, म्हणजे सोलो घेणारी पुढची गिटार वाजवायचो, असं वडिलांनी त्यांना लहानपणी सांगितलं होतं. घरात मात्र गिटार कधी कुणी, आईनेही, पाहिली नव्हती. आता वडिलांना अर्धांगवायू झाला होता, डावा हात गेला होता, बोलणंही कमी झालं होतं. मी येऊन त्यांना ते ऐकवीन का, असं त्यांनी विचारलं. तोवर व्हिडिओखाली त्यांनी 'हे माझे बाबा' असं लिहून टाकलं होतं आणि साऱ्या नातेवाइकांना पाठवलंही होतं.

रविवारी मी कोनला गेलो. काका खिडकीपाशी पलंगावर टेकून बसले होते. ताईंनी त्यांच्या कानांवर हेडफोन बसवले आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. काकांचा डावा हात चादरीवर तसाच पडून होता. उजवा मात्र मांडीवर खालीवर हलायला लागला. सोलो आला तरी त्या हाताचा ठेका बदलला नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. गाणं संपलं तसे त्यांनी हेडफोन सारले आणि माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "ह्यो मी न्हाय."

मला वाटलं, त्यांना समजलं नसावं. मी आवाजाचं सांगितलं. आवाज आपलाच आहे, ते म्हणाले. पण सोलो त्यांच्या मित्राचा. काका मागे उभे राहून कॉर्ड धरायचे, ऱ्हिदम, म्हणजे गाण्याचा ठेका, सांभाळायचे. पुढच्याच वर्षी तो मित्र मोटारसायकलवरून जाताना हायवेवर अपघातात गेला. काकांनी आपली गिटार त्याच्या घरी नेऊन दिली आणि गावी परतले. पुढे मुलगी लहान असताना एकदा तिने विचारलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं की लीड मी वाजवायचो. ते एक वाक्य घरात तसंच राहून गेलं. याचं रेकॉर्डिंग कुठे असेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"तू नीट लिव," ते म्हणाले. "त्याचं त्याला दे."

मी म्हटलं, आधी ताईंना तुम्ही सांगा. त्यांनी मान फिरवली. तेवढ्यात चहा आला. चहा देताना ताईंचा चेहरा इतका उजळला होता की मी फक्त कप घेतला.

पुढचे तीन आठवडे मी व्हिडिओला हात लावला नाही. लोक ताईंच्या कमेंटखाली त्यांच्या वडिलांचं कौतुक करत होते. त्यांच्या घरातली गोष्ट मी परस्पर उघडी कशी करायची? आणि तसंच ठेवलं, तर जो बोलायला उरला नाही त्याचं मी दुसऱ्याच्या पदरात टाकत होतो. एका दुपारी काकांचा फोन आला. शब्द अडखळत होते. लिहिलंस का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. मग गिटार घेऊन ये, म्हणाले.

रविवारी मी गिटार घेऊन गेलो. काकांनी ताईंना समोर बसवलं आणि मला ऱ्हिदम वाजवायला सांगितलं. मी दोनदा चुकलो. उजव्या हाताने मांडीवर थाप देऊन त्यांनी मला ठेक्यावर आणलं. मग ताईंकडे बघून ते थांबत थांबत म्हणाले, की लीड वाजवणारा दुसरा होता, मी तुला खोटं सांगितलं होतं.

ताईंनी माझ्या हातातल्या गिटारकडे पाहिलं. मग विचारलं, "मग बाबा, ह्यात तुम्ही कुठे आहात?"

"मागं," काका म्हणाले. "नीट ऐक."

ताईंनी हेडफोन लावले. मी आणि काका त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. गाणं संपल्यावर त्यांनी ते पुन्हा सुरू केलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या पायाची बोटं ठेका धरायला लागली. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हेडफोन काढून त्यांनी काकांची चादर नीट केली आणि मला फक्त 'निघताय का' असं विचारलं.

त्याच संध्याकाळी मी व्हिडिओखालचा मजकूर बदलला. कोणती गिटार कुणाची ते स्पष्ट लिहिलं. ताईंनी आपली कमेंट काढली. महिनाभर त्यांचा मेसेज नव्हता.

मग आला तो काका गेल्याचा. दहाव्याला गेलो तेव्हा ताईंनी मला बाजूला बोलावून विचारलं, की त्या गाण्यातून फक्त बाबांची गिटार वेगळी काढता येईल का. मी कॉम्प्युटरवर बरेच दिवस खटपट केली. जे निघालं ते पाण्याखालून आल्यासारखं होतं, द्यावंसं वाटेना. शेवटी मी तो ऱ्हिदमच स्वतः वाजवायचं ठरवलं, अथपासून इतिपर्यंत, सोलोशिवाय. सोलोपेक्षा हे सोपं असेल असं मला वाटलं होतं. पण सहा मिनिटं एकसारखा हात चालवायचा आणि कुठेही पुढे यायचं नाही, हे मला तीन शुक्रवार जमलं नाही. मनगट भरून यायचं आणि हात आपोआप कुठेतरी उठून दिसायला बघायचा. चौथ्या शुक्रवारी जमलं.

ताईंना पाठवलं. त्यांनी आईला ऐकवलं, असं कळवलं. नंतर त्यांच्या परवानगीने मी ते चॅनलवरही टाकलं. फार कुणी ऐकलं नाही. एका माणसाने खाली विचारलंय, यात सोलो कुठे आहे? मी त्याला मूळ कॅसेटची लिंक दिली आणि लिहिलं, तो दुसऱ्याचा आहे, तिथे ऐका.