राजगड, पेनसिल्व्हेनिया

आमच्या सीनियरला सपाट जमिनीवर चालता यायचं नाही, असं माझं आजही ठाम मत आहे. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, जिथे फुटपाथवर खड्डा पडला तर वर्तमानपत्रात बातमी येते, तिथे हा माणूस आठवड्यातून दोनदा तरी ठेचकाळायचा. एकदा कॅम्पसच्या बसमध्ये तो चढला आणि त्याचा एक बूट खालीच राहिला. लायब्ररीच्या आपोआप उघडणाऱ्या दारावर, ते उघडायच्या आत, तो जाऊन आपटलेला मी स्वतः पाहिला आहे. पण याच माणसाला एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी नेऊन उभं करा. पाठ ताठ व्हायची, आवाज खाली यायचा, आणि ओल्या दगडांवरून तो अशा बेताने पाय टाकत जायचा, की जणू ते दगड त्याने आदल्या दिवशी येऊन स्वतःच मांडून ठेवलेत.

सीनियर हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. पण ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत मी अकोल्याहून तिथे शिकायला गेलो, तेव्हा तो पीएचडीच्या पाचव्या वर्षाला होता आणि सगळे त्याला सीनियरच म्हणत. तो पुण्याचा. शनिवार-रविवार किल्ल्यांवर घालवून जो वेळ उरला त्यात इंजिनियर झालेला. एका म्हाताऱ्या घरमालकीणबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर तो, मुंबईचा मिलिंद आणि मी असे तिघे राहायचो. पहिल्याच दिवशी मी त्याला 'तुम्ही' म्हटलं, तर तो म्हणाला, "डोंगरावर हे चालणार नाही. 'अहो, जरा थांबता का' म्हणेपर्यंत माणूस दिसेनासा होतो. 'थांब' म्हणायचं." मी म्हटलं, पण आपण तर स्वयंपाकघरात आहोत. तो म्हणाला, सवय आत्तापासून लावलेली बरी.

उतारावरची माती नेमकी कधी आणि का घसरते, हा त्याचा संशोधनाचा विषय होता. त्यामुळे प्रत्येक भटकंतीला त्याच्या हिशेबी अभ्यासाचा दर्जा असे. येताना तो जॅमच्या रिकाम्या बाटल्यांतून माती घेऊन यायचा आणि त्या बाटल्या स्वयंपाकघरात, जिथे जागा मिळेल तिथे, मांडून ठेवायचा. मिलिंदने एकदा त्यातली दोन चमचे माती कोको समजून दुधात घातली आणि अर्धा कप होईपर्यंत त्याला शंका आली नाही. सीनियरने तेव्हा त्याला फक्त एवढंच विचारलं, की बाटली कुठली, उत्तर उताराची की दक्षिण?

बाटल्या वाढत गेल्या, थीसिस मात्र वाढेना. सगळी प्रकरणं झाली होती, शेवटचं तेवढं राहिलं होतं, आणि ते वर्षभर राहिलेलंच होतं. त्याचे प्रोफेसर माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात रिटायर होणार होते. त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं: मे संपायच्या आत शेवटचं प्रकरण आलं तर मी सही करीन, नाहीतर नवा गाईड, नवा विषय, पुन्हा पहिल्यापासून. आणि स्कॉलरशिप संपत आलेल्या माणसाला पहिल्यापासून म्हणजे सात वर्षांवर पाणी सोडून घरी. हे त्याने आम्हाला कांदा चिरता चिरता सांगितलं, आणि लगेच विचारलं, रविवारी कुठे जायचं?

रविवारीच, कारण पेनसिल्व्हेनियात तेव्हा रविवारी शिकार बंद असे. एरवी जंगलात बंदुकीचे बार चालायचे. तरीही आम्हाला कोणी हरीण समजू नये म्हणून सीनियर सगळ्यांना भगवी उपरणी बांधायला लावायचा. त्याच्या आईने पाठवलेली चार होती: तिघांना तीन आणि चौथं कुत्र्याला. वाटेत भेटलेल्या एका बुजुर्ग शिकाऱ्याने आमचा तो अवतार पाहून थांबून दाद दिली आणि असला लखलखीत नारिंगी कपडा कुठल्या दुकानात मिळतो, असं विचारलं. सीनियरने त्याला प्रामाणिकपणे तुळशीबागेचा पत्ता सांगितला.

कुत्रा घरमालकीणबाईंचा होता. तांबूस, अगडबंब आणि थोडा आळशी. बाईंनी त्याचं नाव रस्टी ठेवलं होतं. सीनियरने खंडू केलं. तो त्याच्याशी फक्त मराठीत बोलायचा. सहा महिन्यांत खंडू 'चल', 'बस', 'गप' आणि 'शहाणपणा पुरे' एवढं समजू लागला, आणि त्याच हिशेबाने इंग्रजी विसरू लागला. शेवटी बाईंनीच कागदावर चार शब्द लिहून घेतले. त्या सत्तरीच्या बाई अंगणात उभ्या राहून, चष्मा सावरत, कागदात बघून कुत्र्याला "शानपना पुरे" म्हणायच्या, आणि तो लगेच ऐकायचा.

किल्ले जवळ नाहीत, ही गोष्ट सीनियरने मनावर घेतलीच नव्हती. तिथल्या लांबलचक डोंगररांगांना त्याने आपली नावं देऊन टाकली. उंच तो तोरणा, लांबडा तो हरिश्चंद्रगड, आणि ज्याच्या माथ्यावरून तीन दऱ्या दिसायच्या तो राजगड. बाईंनी कुठे निघालात विचारलं की तो सांगायचा, राजगड. बाई चर्चमध्ये मैत्रिणींना सांगायच्या, माझी मुलं दर रविवारी राजगडला जातात. माथ्यावर पोचलं की पिठलं-भाकरी. ज्वारीचं पीठ मिळत नसे, म्हणून तो मक्याच्या भरड्या पिठाची भाकरी थापायचा. तिला भाकरी म्हणायला मन मोठं लागायचं, कारण ती डब्यातून तुकड्यांनीच बाहेर यायची. पण कांदा मात्र अस्सल. दगडावर ठेवून एका बुक्कीत फोडायचा. एक अमेरिकन जोडपं एकदा ते बघून वाट सोडून लांबून गेलं होतं.

त्याचे नियम तीन. निघताना मोजणी: मी एक, मिलिंद दोन, सीनियर तीन, आणि खंडूने भुंकून चार म्हटल्याशिवाय कोणी पाऊल उचलायचं नाही. खंडूचा मूड नसेल तर आम्ही दहा-दहा मिनिटं उभे. दुसरा नियम, 'किती राहिलं?' असं विचारलं तर उत्तर एकच: "ह्या वळणानंतर." आणि तिसरा, जो तो कधीही मोडू द्यायचा नाही: सगळ्यात हळू चालणारा पुढे. बाकी सगळे त्याच्या मागे, त्याच्या चालीने. आमच्यात सगळ्यात हळू मी. अकोल्याच्या माणसाला चढ म्हणजे उड्डाणपूल. त्यामुळे दोन वर्षं मी पुढे आणि सीनियर सगळ्यात मागे. मागून त्याच्या चालण्याचा सावकाश आवाज यायचा, आणि मला मनापासून वाटायचं, की हाही बिचारा माझ्यासारखाच मंद आहे.

हा नियम मला कसा कळला तेही सांगतो. पहिल्या हिवाळ्यात मी पहिल्या परीक्षेत आपटलो होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि खिशात घरी लिहिलेलं पत्र: मला जमत नाही, परत येतो. सीनियरने ते पाहिलं. तो म्हणाला, पोस्टात टाकूच, वाटेतच आहे, आधी जरा वर जाऊन येऊ. त्याने मला पुढे घातलं. मी दर वीस पावलांवर थांबलो आणि प्रत्येक वेळी माझ्यामागची सगळी रांग, कुत्र्यासकट, मुकाट्याने थांबली. कोणी पुढे गेलं नाही, कोणी "चल रे" म्हटलं नाही. माथ्यावर भाकरीचा भुगा खाताना मला रडू आलं, आणि ते कांद्याच्या नावावर खपलं. उतरलो तर पोस्ट बंद. रविवार होता, हे त्या माणसाला सकाळीही ठाऊक असणारच. ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे.

आता त्या एप्रिलमधला रविवार. प्रोफेसरांच्या मुदतीला पाच आठवडे उरले होते आणि शेवटच्या प्रकरणाचं पहिलं पानसुद्धा नव्हतं. आम्ही राजगडावरून उतरत होतो. ओल्या पानांवरून माझा पाय सरकला, घोट्यातून कट्‌ असा आवाज आला आणि मी खाली बसलो तो मला उठताच येईना. सीनियरने आपलं उपरणं माझ्या घोट्याला करकचून बांधलं, खंडूला "बस" म्हणून माझ्याशेजारी बसवलं, मिलिंदला थांबायला सांगितलं. आणि मग तो पळाला.

तसं पळताना मी माणूस पाहिला नव्हता. त्या दगडांच्या राशीवरून, झाडांच्या मुळ्यांवरून, तो पाण्यासारखा उतरत गेला. मिलिंद घड्याळाकडे बघत बसला होता. आम्हाला ज्या वाटेला दोन तास लागायचे ती वाट तो अर्ध्या तासात उतरला होता, हे खालून माणसं आली तेव्हा हिशेब लागून कळलं. मिलिंदने घड्याळ पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, "यार, हा दोन वर्षं आपल्यासाठी हळू चालत होता." पाय दुखतच होता, पण डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळे नव्हे.

इकडे घरी, चारच्या चहाला आम्ही आलो नाही म्हणून बाईंनी जंगलखात्याला फोन लावला होता. मुलं राजगडवर अडकली आहेत, ताबडतोब माणसं पाठवा. पलीकडच्या माणसाने नकाशा उलगडून नाव शोधलं, मिळेना. स्पेलिंग विचारलं, बाईंनी आत्मविश्वासाने सांगितलं, तरी मिळेना. शेवटी त्याने अदबीने विचारलं, की मॅडम, हे कुठल्या देशात आहे? बाई संतापून म्हणाल्या, दर रविवारी पायी जातात, जवळच असणार. सीनियर डोंगराखालच्या शेतावरून दोन माणसं आणि स्ट्रेचर घेऊन निघाला नसता तर तो शोध बहुधा अजून चालू असता.

माझा पाय प्लास्टरमध्ये गेला. सीनियर माझ्यासाठी वरण-भात करायचा, उशी लावायचा, गोळ्यांच्या वेळा सांभाळायचा, आणि टेबलाकडे मात्र फिरकायचा नाही. एका संध्याकाळी मी त्याला सरळ विचारलं, की तुझं प्रकरण का होत नाही? त्याने बराच वेळ हातातली मातीची बाटली फिरवली.

"बसून पाहिलं रे टेबलाशी," तो म्हणाला. "पण मला एकट्याने चढायची सवय नाही."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी मिलिंदला हाक मारली आणि त्याच्यासमोर सांगितलं: "नियम म्हणजे नियम. सगळ्यात हळू चालणारा पुढे. यात तू हळू आहेस. तू पुढे, आम्ही मागे."

दुसऱ्या दिवसापासून बैठकीच्या खोलीत खिडकीशी त्याचं टेबल लागलं. त्याच्यामागे मी, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून, टाइपरायटरसमोर. माझ्यामागे मिलिंद, आलेख काढत. आणि दारात आडवा खंडू, म्हणजे कोणी उठून डोंगरावर पळायची सोय नाही. सुरुवातीला मोजणी व्हायची, भुंकणं व्हायचं, मग काम. तो एक पान लिहून थांबायचा, आम्हीही थांबायचो. कोणी घाई केली नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्याने पेन खाली ठेवलं आणि मान न वळवता, थकलेल्या आवाजात विचारलं, "किती राहिलं?"

मिलिंद आणि मी एकदमच म्हणालो, "ह्या वळणानंतर."

मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रोफेसरांनी सही केली. त्याला नोकरी लागली ती कॅन्ससमधल्या एका कॉलेजात. आम्ही रात्रभर ॲटलास चाळला, पण त्या गावाच्या आसपास चढ म्हणावा असा एक ठिपका सापडला नाही. हा माणूस तिथे रोज पडणार, अशी आम्हाला खात्रीच होती, आणि पहिल्या महिन्यातच पत्र आलं की दोनदा पडलो, काळजी नसावी.

पण तो कॅन्ससला जाण्याआधीचा शेवटचा रविवार मला सांगायचा आहे. माझं प्लास्टर निघालं होतं, मी काठी घेऊन आलो होतो. ज्या माणसाने माझं पत्र पोस्टात पडू दिलं नाही, त्याच्याबरोबर चालायचा तो शेवटचा दिवस होता, असं मला तेव्हा कळायला हवं होतं. मी सवयीने पुढे जाऊन उभा राहिलो. एक, दोन, तीन; खंडू त्या दिवशी पहिल्या झटक्यात भुंकला. मी पाऊल उचलणार, एवढ्यात सीनियर मागून आला आणि माझ्या पुढे गेला.

"आज मी पुढे," तो म्हणाला.

आणि तो चढू लागला. अर्ध्या तासात डोंगर उतरणारा तो माणूस त्या दिवशी दर वीस पावलांवर थांबत होता. कधी झाडाकडे बघत, कधी बुटाची नाडी बांधत, कधी उगाचच. आम्ही तिघेही, कुत्र्यासकट, त्याच्यामागे मुकाट्याने थांबत होतो. किती राहिलं, हे सबंध वाटेत कोणी विचारलं नाही.