वजनकाट्याचा कोड

बोलता बोलता त्याची मूठ टेबलावर आदळायची आणि चहाचे कप उडायचे. "अट म्हणजे अट!" असली डोकेफिरू माणसं तुम्हीही पाहिली असतील. हा पेडण्याचा, डिचोलीच्या बाजारात कंप्युटरचा क्लास चालवायचा. एकदा रागाने कीबोर्ड भिंतीवर फोडला आणि मग जमिनीवर बसून त्याची बटणं वेचली.

खनिजाचे ट्रक तोलणाऱ्या काट्यासाठी त्याने एक प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यांना फुकट दिला. परवान्यात अट एकच. वापरा, बदला, वाटा. पण बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याने मागितल्यावर कोडही, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ ओळीही, द्यायचा.

पाळी गावात माझा छोटा काटा होता. तिथल्या बड्या कंत्राटदाराने तोच प्रोग्राम बदलून माझ्याकडे बसवला. तेव्हापासून ट्रकवाले माझ्या अंगावर येऊ लागले. काटा भरलेला ट्रक हलका दाखवत होता आणि कंत्राटदार त्यांना वजनावर भाडं द्यायचा.

मी क्लासात जाऊन मास्तरला सांगितलं. तो उठलाच. "प्रोग्राम तुका दिला न्हय? मग कोड मागपाचो हक्क तुजो. चल!"

कंत्राटदाराच्या ऑफिसात जाऊन मी कोड मागितला, तर तो हसला. "फुकटच्या वस्तूला कसला रे कायदा?"

"फुकट दिलां, पूण हक्क सोडूंक नाय!" मूठ पडली, टेबलाची काच फुटली.

कंत्राटदाराच्या माणसांनी याला अंगणात फरफटत नेलं आणि जॅकच्या दांड्याने मारलं. मला दोघांनी धरून ठेवलं होतं. उजवा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. तोंडातून रक्त येत होतं, तरी हा ओरडतच होता, "कोड दी!"

आम्ही कोर्टात गेलो. कंत्राटदाराचं मशीन तपासायचा हुकूम झाला. तपासणीच्या सकाळी आम्ही पोचलो, तर वजनातली चोरी कळून भडकलेले ट्रकवाले दांडे-धोंडे घेऊन ऑफिस फोडायला आधीच आलेले. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून हा दारात आडवा उभा राहिला.

"मशीन फोडूं नकात! चोरीचो पुरावो त्यात आसा!"

"बाजूक सर, मास्तर!"

गर्दीतून खनिजाचा एक धोंडा आला, थेट कानशिलावर. तो उंबऱ्यावरच कोसळला. पणजीला नेताना माझ्या जीपमध्येच गेला.

मशीन शाबूत राहिलं. कोड उघडला, प्रत्येक भरल्या ट्रकचं वजन कापणारी ओळ सापडली. कंत्राटदाराला पोलीस घेऊन गेले. धोंडा कोणी मारला, हे मात्र कोणीच सांगितलं नाही.

बाराव्याला सगळे ट्रकवाले पेडण्याला आले, पंगतीत माना खाली घालून बसले. मी भात वाढत होतो. पानाकडे येणारा एकेक हात बघत पुढे सरकत होतो.