गळ्यापर्यंत भरलेली टाकी

आमच्या सासऱ्यांना गल्लीत सगळे मापसाहेब म्हणतात. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. न सांगता पेट्रोल पंपावर जायचं, पाच लिटरचं सरकारी माप नोझलखाली धरायचं, पेट्रोल खुणेपर्यंत येतं का ते बघायचं आणि नाही आलं तर पंपाला सील ठोकायचं, ही त्यांची नोकरी. ते निवृत्त झाले, पण त्यांचा संशय अजून नोकरीतच आहे. दुधाची पिशवी ते हातावर तोलून घेतात. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातला माझा मोजायचा कप तपासला आणि तो खोटा निघाला. "सूनबाई, तुमचा दोष नाही, बनवणाऱ्याचा आहे," असं म्हणाले खरे, पण कप जप्त केला तो आजतागायत परत दिलेला नाही.

अशा माणसाच्या घरात माझ्या धाकट्या दिरांनी ती गाडी आणली. भाऊजींचं फरशांचं दुकान बरं चालतं, तेव्हा हौस करायला हरकत नव्हती. पण हौस तरी किती मोठी असावी? आठ सिलिंडरची, काळी कुळकुळीत, फाटकातून आत येताना दोन्ही आरसे मिटून घेणारी. वापरलेली होती म्हणून परवडली. पहिल्या मालकाने ती का विकली, हे बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारलं आणि त्याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही.

उत्तर महिन्याभरात मिळालं. तिला साधं पेट्रोल चालत नाही, महागातलंच लागतं. एक टायर बदलला त्या पैशांत आमच्याकडे नवा फ्रिज आला असता. ब्रेकचे पॅड, इंजिन ऑइल, विमा, सगळ्याचंच बिल बघून भाऊजी आधी पाणी प्यायचे. कंपनीच्या माहितीपत्रकात लिटरला नऊ किलोमीटर छापलं होतं. गाडीच्या पडद्यावर पाच दिसायचे.

"पडदाच पाच म्हणतोय, मग खरे चार असणार," बाबा म्हणाले. "पेट्रोल खाते तीच आणि हिशोब सांगतेही तीच. तिचं माप कुणी तपासलंय?"

भाऊजींनी हात जोडले. "बाबा, मोठी गाडी आहे. पितेच ती."

"पिते की पाजतात, ते बघतो मी."

पाजणारा म्हणजे ड्रायव्हर. तो भाऊजींकडे दुकानाचा टेम्पो चालवत होता, तेव्हापासूनचा. बोलणं कमी, गाडी पुसणं फार. रोज सकाळी भाऊजींना दुकानात सोडायचा, माल बघायला गावाबाहेर न्यायचा, संध्याकाळी किल्ली आणून खुंटीला लावायचा. मला त्याच्यात काळंबेरं काही दिसलं नव्हतं. पण बाबांचं म्हणणं असं, की ज्याच्यात दिसतं त्याला पकडायला निरीक्षक कशाला लागतो?

बाबांनी चौकशी हाती घेतली. प्रत्येक वेळी पेट्रोल भरायला ते स्वतः जायला लागले. पंपावरचं नोझल टाकी भरली की आपोआप बंद पडतं. बाबांना ते कसलं मान्य! माप खुणेपर्यंत भरलेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. ते ड्रायव्हरला गाडी डावी-उजवीकडे हलवायला लावायचे, आतली हवा निघू द्यायचे, पुन्हा थोडं, पुन्हा थोडं असं करत टाकीच्या गळ्याशी पेट्रोल चमकेपर्यंत भरायचे. मग पुढच्या खेपेला पुन्हा गळ्यापर्यंत. मधे गाडी किती चालली आणि किती पेट्रोल मावलं, यावरून खरा खप काढायचे. आणि दरवेळी तो पडद्यापेक्षा जास्तच निघायचा. दोन लिटर, कधी तीन.

"दरवेळी जास्तच," बाबा मला म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "गाडी चुकली तर कमीजास्त चुकेल. सारखं चुकतं ते माणसाच्या हातानं."

शिवाय गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास यायचा. तोही पुरावाच झाला. त्या दिवसापासून संध्याकाळी ड्रायव्हर किल्ली लावायला आला की बाबा त्याला थांबवायचे. पिशवी उघडायला लावायचे, जेवणाचा डबा उघडायला लावायचे आणि शेवटी म्हणायचे, "हात." तो दोन्ही तळवे पुढे करायचा. बाबा वाकून त्यांचा वास घ्यायचे. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असे आणि मला भयंकर लाज वाटे. पण सासऱ्यांना अडवायची आमच्याकडे कुणाची छाती नव्हती.

एकदा हातांना वास आला. "आताच तुमच्यासमोर टाकी भरली साहेब, झाकण मीच लावलं," ड्रायव्हर म्हणाला. ते खरं होतं. पण संशयाने घेरलेल्या माणसाला खरं पुरत नाही. बाबांनी भाऊजींपुढे सगळे आकडे मांडले. भाऊजी बिलांनी आधीच पिचलेले. दुसऱ्या दिवशी दुकानातच त्यांनी ड्रायव्हरला कामावरून काढलं.

भाऊजी स्वतः गाडी चालवू लागले. बाबांनी पुन्हा गळ्यापर्यंत टाकी भरली, आठवड्याने पुन्हा भरली. तीन लिटरचा फरक.

आता घरातलं वातावरण विचारू नका. बाबा जेवताना भाऊजींकडे रोखून बघायचे. भाऊजी दुकानाच्या नावाखाली आणखी कुठे जातात का, असं त्यांनी मला आडून विचारलं. मग संशय पंपावर गेला. जुन्या खात्यातल्या ओळखीने सरकारी माप मागवलं, पंपावर धरलं. पेट्रोल बरोबर खुणेवर थांबलं. बाबांचा चेहरा असा पडला, की पंपवाल्यालाच त्यांची दया आली.

राहिलं गॅरेज. टाकी काठोकाठ भरून बाबांनी गाडी आत घातली, कुलूप लावलं, किल्ली बनियनच्या खिशात ठेवली आणि दुपारभर गाडीजवळ खुर्ची टाकून बसले. मी चहा घेऊन गेले, तेव्हा ते जमिनीवर पालथे पडलेले.

"बाबा!"

"हळू. वाटी आणा एक."

वरचा पत्रा तापला होता. गाडीच्या मागच्या चाकाशी, एका बारीक नळीतून थेंब पडत होते. मी वाटी ठेवली. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. वाटी भरली, मी दुसरी आणली.

पुढच्या वेळी बाबांनी पंपावर मलाही सोबत नेलं. नोझल टक्कन बंद पडलं तसा पंपवाला सवयीने गाडी हलवायला पुढे झाला. बाबांनी त्याला हातानेच थांबवलं. पुढचे आठ दिवस गॅरेजची जमीन कोरडी राहिली, वास गेला आणि फरक उरला तो चमचाभर. टाकीच्या वरच्या भागात वाफेसाठी जागा सोडलेली असते. बाबा ती जागाही भरत होते. जास्तीचं पेट्रोल वाफेच्या नळीत शिरत होतं आणि उन्हाने फुगून बाहेर गळत होतं. लिटरला पाच हे पडद्याने खरंच सांगितलं होतं.

"धाडीला निघायच्या आधी आम्ही आमचं माप तपासून घ्यायचो," बाबा म्हणाले. "कायम. एकदाही चुकलो नाही." मग त्यांनी भाऊजींना हाक मारली.

ड्रायव्हर गाड्या धुण्याच्या दुकानात लागला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बोटं पाण्याने पांढरी पडलेली. कुणी ड्रायव्हर म्हणून ठेवायला तयार नव्हतं. आधीची नोकरी का गेली, हे सगळेच विचारायचे आणि तो खोटं सांगायचा नाही. बाबा मला घेऊन तिथे गेले आणि त्याच्यासमोर उभे राहिले.

"पेट्रोल माझ्या हातानं गळलं," ते म्हणाले. "तू घेतलं नव्हतंस. मी चुकलो. कामावर ये."

त्याने नळ बंद केला. "धाकट्या साहेबांना माहीत आहे?"

"घरात सगळ्यांना सांगून आलोय."

"दुकानातल्या पोरांनाही सांगाल? त्यांच्यासमोर काढलं होतं मला."

बाबांनी ते केलं. फरशांच्या थप्प्यांमध्ये उभं राहून, ताठ मानेच्या त्या माणसाने सगळ्यांदेखत तेच शब्द पुन्हा म्हटले. मला त्यांचा अभिमान वाटला. आता मिटलं, असंही वाटलं.

पहिल्या संध्याकाळी ड्रायव्हरने किल्ली खुंटीला लावली. मग पिशवी उघडून दाखवली. डबा उघडला. आणि दोन्ही तळवे बाबांपुढे धरले.

"अरे, आता नको ते," बाबा कसंबसं म्हणाले.

"असू दे साहेब. आज वास नाही, एवढं बघून ठेवा. उद्या पुन्हा कुठे कमी भरलं तर मला तेवढं तरी सांगता येईल."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याला बाबांचा भरवसा उरला नव्हता, इतकंच. हात तसेच धरून तो उभा राहिला.

आजही तो रोज हात पुढे करतो आणि बाबांनी वास घेतल्याशिवाय ते मागे घेत नाही. बाबा डोळे मिटून वाकतात, वास घेतात आणि म्हणतात, "काही नाही." मग तो घरी जातो.