सात मीटरवरचं पाणी

जर्मनीतली आठवण म्हटल्यावर तुम्ही डोळ्यांसमोर बर्फ आणून ठेवला असेल. पुसून टाका. डोंगरावरचा किल्ला नाही, नदीतली सजवलेली बोट नाही. म्हणजे बोट आहे, पण पत्र्याची. तिच्यात तीन माणसं, अठरा बाटल्या आणि रिळावर गुंडाळलेला पाइप. निदान प्रेम तरी असेल म्हणाल, तर तेही नाही. मँगनीज आहे.

थांबा, पान उलटू नका.

कार्ल्सरूहेच्या बाहेर खडी उपसून झालेले मोठाले खड्डे आहेत. त्यांत पाणी साठून तळी झालीत. उन्हाळाभर वरचं पाणी कोमट आणि खालचं गार राहतं, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे खालचा ऑक्सिजन संपतो. तिथे मँगनीज विरघळलेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही. आणि मध्ये, सात मीटरवर, एक पातळ थर असतो. तिथे ऑक्सिजन नावापुरता. तेवढ्यावरही जीवाणू त्या विरघळलेल्या मँगनीजची तपकिरी भुकटी करतात, असं आमच्या ताईचं म्हणणं. तिची पीएचडीच त्यावर. ताई म्हणजे सख्खी नव्हे. साताऱ्याकडची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून ताई. मी मास्टर्सला आणि तिचा हमाल. तिकडे त्याला 'हिवी' म्हणतात, जरा बरं वाटतं.

त्या ऑक्टोबरात तिला शेवटचा एक संच हवा होता. सात मीटरवरचं पाणी, अठरा बाटल्या. नऊंमध्ये विष टोचून जीवाणू मारायचे, नऊ जिवंत ठेवायच्या. तपकिरी रंग फक्त जिवंत बाटल्यांत आला, तर ताई जिंकली. पण भरताना जास्तीचा ऑक्सिजन आत गेला की बाटली बाद. आणि दुसऱ्या दिवशी वादळ येणार होतं. वादळाने तळं ढवळलं की तो थर थेट पुढच्या उन्हाळ्यात. ताईचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं.

तिसरे आमचे टेक्निशियन काका. जर्मन, साठीला टेकलेले, बोली अस्सल तिथली. जमलं, झालं या अर्थाचं 'पास्ट' ते 'बस्त' असं म्हणायचे. हो म्हणायला जर्मन लिहितात 'जा' आणि म्हणतात 'या'. माणसाने जायचं की यायचं? मी काकांची नक्कल लॅबमध्ये करायचो, कमरेवर हात, नाकातून सूर, "या, या, बस्त!" तेच सगळ्यांत जास्त हसायचे.

काम असं होतं. रिळावर काका, पाइपचं टोक सात मीटरवर धरून. ऑक्सिजनच्या मीटरसमोर ताई. बाटल्या भरायला मी. नळी बाटलीच्या बुडाशी टेकवायची, पाणी भरपूर उतू जाऊ द्यायचं, मग एकही बुडबुडा न ठेवता बूच. अठरावी झाली की मी काकांना "बस्त" सांगायचं, मगच ते पाइप वर ओढणार. "आणि तोवर तोंड बंद," ताई म्हणाली.

सहा बाटल्या मी गप्प राहिलो. घरी कळवावं असा विक्रम. वारा वाढत होता, नांगराची दोरी करकरत होती, ताई नखं खात होती. मला वाटलं, हिला जरा हसवावं.

"ताई, मामेबहिणीच्या लग्नात आमचे मामा हॉलच्या दारात उभे. नवा बूट चावतोय, एक पाय वर. आणि येईल त्याला," मी बसल्या बसल्या एक पाय उचलला, "या, या, बसा! या, या, बसा!"

ताई फिसकन हसली. लेबलं लिहायला खाली वाकली होती, हसतच लिहीत राहिली. मग मला कोण थांबवतंय? मामा झाले, मामी झाली, भटजी झाले. हात आपोआप बाटल्या भरत होते.

मग तिचं मीटरकडे लक्ष गेलं.

"अरे! अरे, हे काय? स्टॉप! स्टॉप!"

शून्याला चिकटून असलेला आकडा भराभर चढत होता. काका रीळ फिरवत होते, शीळ घालत, अगदी मजेत. पाइप चार मीटरवर आला होता.

का ओढला, ताईने जर्मनमध्ये विचारलं. काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हा म्हणाला ना. या, या, बस्त."

"मी नाही म्हणालो," मी म्हणालो. शब्दाला शब्द धरलं तर खरंच होतं ते.

काकांनी टोपी काढली, कान चोळला. "आल्झो, म्हणजे मग मलाच कमी ऐकू यायला लागलंय."

ताईने बारा भरलेल्या बाटल्यांकडे पाहिलं. "कितवीपासून गडबड?"

"दहा," मी ठोकून दिलं.

तिने दहा, अकरा, बारा ओतून दिल्या. पाइप पुन्हा सात मीटरवर. ढवळलेलं पाणी स्थिर होईपर्यंत आम्ही थांबलो. आकडा खाली यायला तयार नाही, आणि बोट वाऱ्याने नांगराभोवती फिरायला लागलेली. शेवटी आकडा शून्याजवळ आला. मी दहापासून भरायला घेतल्या, आणि भरता भरता हिशेब लावत होतो. मामा दारात कधी उभे राहिले? सातवीला. मग काकांनी ओढायला कधी घेतलं? सातवीला, आठवीला? दहा कुठून आलं? कुठूनच नाही. तोंडाला आलं ते.

अठरावीला बूच बसलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. आता एक शब्द बोललो की पाइप वर, आणि तो थर गेला.

"ताई, आठ आणि नऊ पण गेल्यात. सात पण, बहुतेक. मला खरंच माहीत नाही." मग काकांकडे वळून मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की तीन बाटल्या परत भरायच्यात आणि तुम्हाला नीट ऐकू येतं. आमच्याकडे पाहुण्यांना असं म्हणतात, आणि ते मीच म्हणत होतो.

काकांनी एका हाताने रीळ धरलं, दुसऱ्याने वल्हं पाण्यात खुपसून बोट वाऱ्यावर अडवली. "तीन बाटल्या. श्नेल, पटपट."

मी सात, आठ, नऊ ओतून दिल्या. आठवीत बुडबुडा राहिला, परत भरली. नववीचं बूच बसलं तेव्हा आकडा नुकता हलायला लागला होता. पाइप वर घ्यायला या वेळी ताईनेच सांगितलं.

काठावर उतरल्यावर काका बोटीची मोटर काढायला गेले. ताईने पेटी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"नकलांबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. मीटर सोडून मी पण हसले. पण दहा? दहा कुठून काढलास? दोन-तीन बाटल्या फुकट गेल्या असत्या तर मी रडले असते आणि गप्प बसले असते. तू खराब बाटल्या चांगल्या म्हणून पेटीत ठेवत होतास. जास्तीच्या ऑक्सिजनने झालेला रंग मी बिचाऱ्या जीवाणूंच्या नावावर लिहिला असता, छापला असता, माझ्या नावाने! माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायला काय होतं? शाळेत शिकवलं नाही?"

"आमच्या शाळेत माहीत नाही म्हटलं की छडी मिळायची," मी म्हणालो. "काहीतरी ठोकून दिलं की निदान हात वाचायचे."

"गप्प! आत्तासुद्धा विनोद सुचतोय? शनिवारची सुट्टी सोडून तो माणूस आपल्यासाठी बोट घेऊन आला, आणि अर्धा तास तू त्याला बहिरा ठरवून बसलास. ते हसतात म्हणून त्यांना काही वाटत नाही असं नसतं. आधी जा, त्यांची माफी माग. सरळ उभं राहून, स्वतःच्या आवाजात. आणि ती मोटर त्यांना एकट्याला उचलू देऊ नकोस, मूर्खा, त्यांची पाठ दुखते."