शेंदराखालची भेग

खर्ड्याच्या पुढं बालाघाटचा डोंगर एकदम उभा राहतो, तिथं कड्याच्या पायथ्याशी भैरोबा. त्याला दर अवसेला तेल-शेंदूर लावायचा मान भागूबाईंचा. बाई म्हणजे काय सांगू! अंगानं चिपाड, पण तोंड उघडलं की भल्याभल्यांची बोलती बंद. उभा जन्म ऊस तोडण्यात गेला. पोरगा अजिनाथ, तोही कारखान्याच्या तळावरच जन्मला.

कड्याला लागून दगडखाण सुरू झाली, अजिनाथ पोकलेन मशीनवर बसला, तेव्हा बाईंनी कोयता माळ्यावर टाकला. पोरगा घरचं खातोय, घरी झोपतोय, आणखी काय पाहिजे? गावानंही होतं नव्हतं ते खाणीच्या कंपनीत घातलं. कंपनीचे मोठे साहेब म्हणाले होते, डोंगर काय पळून जातोय!

पळून नाही गेला. पण सुरुंग उडायला लागले आणि भैरोबाच्या शेजारून कड्यावर एक भेग वर चढली. दुसरं गाव असतं तर घाबरलं असतं. आमचं गाव लई शहाणं! आपला देव वाढतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. देव वाढतोय म्हणून दगड वाट देतोय, असं ठरलं आणि भेगेलाही शेंदूर लागला. कंपनीनं वर पत्रे टाकून दिले, फोटो काढून नगरच्या ऑफिसात लावले. ते बघून आणखी लोकांनी पैसे गुंतवले.

भेगेला शेंदूर लावणाऱ्याही भागूबाईच. आधी भेगेत नख जायचं. मग बोट. संक्रांतीनंतरच्या अवसेला अख्खा तळहात गेला, बांगड्यांसकट, आणि आतून गार वारा आला. लावलेला थर दर वेळी मधोमध फाटतो, हे बाईंनी आजवर भक्तीनं पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र त्या तडक खाणीच्या मॅनेजरकडं गेल्या, भेग रुंदावतेय म्हणाल्या. कारण त्याच कड्याखाली अजिनाथ दिवसभर मशीनवर बसायचा.

मॅनेजर हसला. "आजी, देव वाढतोय म्हणता ना? वाढू द्या की!"

पण पाठोपाठ मापं घेणारी माणसं आली, कडा बघून गेली आणि लगोलग कंपनीचं खाणीवरचं ऑफिस कड्याखालून उचलून ओढ्यापलीकडं गेलं. मशीन जागच्या जागी.

"आये, धोका असता तर साहेबांनी सांगितलं नसतं व्हय?" अजिनाथ म्हणाला.

"त्यांनी सोताची खुर्ची हलवली. तुला हलवलं का?"

"मग काय परत कोयता धरू?"

बाईंनी माळ्यावरच्या कोयत्याकडं पाहिलं. पोराला उसाच्या फडात परत कोण धाडणार?

चैत्रात भैरोबाची यात्रा आली. यंदा खर्च कंपनीचा. आमच्याकडं रीत अशी, की ज्याचा खर्च त्यानं देवासमोर पाटावर बसून पहिला घास घ्यायचा. तोवर गावानं तोंडात शीत घालायचं नाही. मोठे साहेब नगरहून आले, फेटा बांधून घेतला. भागूबाईंनी कड्याखाली पाट मांडला, पत्रावळ वाढली.

साहेबांनी वर पाहिलं. "आपण मांडवात बसू."

"रीत हाय, साहेब."

"माझे गुडघे दुखतात हो."

कुणीतरी हौसेनं खुर्ची आणली, पाटाशेजारी ठेवली. साहेब तरी जागचे हलेनात. आधी लोक हसले. मग हसू विरलं आणि सगळ्या माना हळूहळू वर, त्या भेगेकडं वळल्या.

"माजा अजिनाथ रोज हितं बसतो," बाई म्हणाल्या. "तुमी एक घास खावा."

साहेब मागं सरले. अजिनाथनं ते पाहिलं. तो पुढं झाला, खिशातली मशीनची किल्ली काढली आणि साहेबांच्या पत्रावळीत ठेवली. दुसऱ्या दिवशी खाणीत कुणी उतरलं नाही.

आणि मग एका भरदुपारी कडा खाली आला. काय तो आवाज! आधी पोटात घुमला, मग कानात. खाण, मशीन, पत्रे, भैरोबा, सगळं धुळीत गेलं. धूळ बसली तेव्हा डोंगराच्या जागी आभाळ दिसत होतं. एवढं आभाळ तिथं कुणी कधी पाहिलंच नव्हतं. गावाचा पैसा गेला, पण माणूस एक गेला नाही. लोकांनी हात जोडले.

"देवाची करणी!" कुणीतरी म्हणालं.

"देवाला कशाला बोल लावता रं?" बाई कडाडल्या. "देव तर त्याच्याखाली गाडला गेला!"

नगरला चौकशी लागली. साहेब कोट घालून आले, वकिलाकडं बघत म्हणाले, "धोक्याची आम्हाला काहीच कल्पना नव्हती."

भागूबाई उठल्या. हातभर बाई, डोईवर पदर. आपली आई एवढी उंच कधी झाली, ते अजिनाथला कळेना.

"कल्पना नव्हती," त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी जेवाया का बसला न्हाई, साहेब?"