रुमालाखालचं मनगट

दादा उठायचा तो टप्प्याटप्प्याने. आधी बसल्या जागी दोन्ही तळहात जमिनीवर टेकवायचा आणि मान खाली घालून थांबायचा. मग उकिडवा व्हायचा, पुन्हा थांबायचा. मग गुडघ्यांवर हात देऊन अर्धा उभा, आणि शेवटी गाडीचं चाक, खांब, जे हाताला लागेल ते धरून पूर्ण. कोणी घाई केली तर म्हणायचा, "थांब बापा, घोडं सुटलं हाय." घोडं म्हणजे त्याचं काळीज.

तुम्हाला हसू आलं असेल तर येऊ द्या, आम्हीही हसायचो. अमरावतीच्या कापूसबाजारात तेव्हा सगळेच खुशीत होते. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि वऱ्हाडाच्या कापसाला असा भाव चढला की सकाळी केलेला सौदा दुपारी मूर्खपणाचा वाटायचा. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लागल्या होत्या. मी तिथे मापारी होतो, कापूस तोलून द्यायचो. दादा दलाल होता. त्याचं नाव सांगत नाही, भावकी अजून आहे.

आमच्याकडे भाव तोंडाने करत नसत. दलाल आणि व्यापारी समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत, आणि खाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवत. भोवती माणसांचं कोंडाळं असलं तरी कोणाला काही कळत नसे. शेतकऱ्याला एक सांगायचं आणि रुमालाखाली दुसरंच दाबायचं, असे दलाल पैशाला पासरी होते. दादाने ते कधी केलं नाही. त्याला त्याचा गर्वही होता, जरा जास्तच होता. म्हणायचा, "माह्या बोटाच्या भरवशावर माणूस निजू शकते."

आजार त्याला एका पावसाळ्यातल्या तापानंतर जडला. ताप गेला, हे राहिलं. उभा राहिला की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, हात गार पडायचे. जेवण झालं की आणखी वाढायचं, उन्हात तर विचारूच नका. आणि आडवा झाला की तेच काळीज कधी कधी इतकं मंद चालायचं, की बायको छातीला कान लावून बघायची. वैद्य यायचा तेव्हा दादा खाटेवर पडलेला असायचा, आणि पडलेल्या दादाला काही झालेलं नसायचं. वैद्य नाडी बघून पित्त म्हणायचा आणि निघायचा. अचलपूरच्या हकिमाने मनाचा घोर सांगितला. देवऋषीने लिंबं उतरवली. मीठ जास्त घातलेलं ताक प्यालं आणि पोटऱ्यांना पट्ट्या आवळून बांधल्या की थोडं निभतं, एवढं दादाचं त्यालाच सापडलं होतं. भावकीने मात्र सोंग म्हणून निकाल लावून टाकला. त्याची बायको कमी बोलणारी. पण एकदा वैद्य पाठमोरा झाल्यावर मला म्हणाली, "यायले काईच नाई म्हणते तो. मंग रोज मरून कोन राह्यलं?"



तरी धंदा चालला होता, कारण धंदा बसून करायचा होता. मग त्या साली चैत्रात गाड्यांची अशी गर्दी झाली की टेकायला जागा उरली नाही. मुंबईच्या एका पेढीचा मुनीम आला होता. त्याला घाई. त्याने उभ्याउभ्याच हात पुढे केला, रुमाल टाकला. दादा गाडीला टेकून उभा राहिला, डोक्यावर ऊन. मी काट्याशी होतो. दादाचा चेहरा पांढरा पडत चाललेला मला दिसत होता. मुनिमाची बोटं कधीतरी सरकून दादाच्या मनगटावर गेली असावीत. तो थांबला, दादाच्या तोंडाकडे बघितलं आणि हात काढून घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की या माणसाच्या पोटात एक आणि बोटात एक आहे, नाहीतर नाडी अशी कशाला पळेल?

दादाने दाबलेला भाव खरा होता. त्या दिवशी तोच कापूस दुसऱ्या दलालाने त्याच भावाला विकला. पण बाजाराला तेवढं पुरे झालं. पुढे पुढे तर जो तो रुमालाखाली बोटं सोडून आधी दादाचं मनगटच चाचपू लागला. आणि आता हा आपली नाडी बघणार, या धास्तीनेच दादाचं काळीज बसल्या जागी उधळायला लागलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी. शेतकरीही फिरले. त्यांना वाटलं, याने व्यापाऱ्याशी आतून संधान बांधलं असणार, म्हणून हा घाबरतो. मी चारचौघांत सांगितलं की हा रोग आहे. एकाने विचारलं, कोणत्या वैद्याला सापडला? कोणालाच सापडला नव्हता. दुसरा म्हणाला, तुझाही वाटा दिसतो त्याच्यात.

तेव्हा दादाने अकोल्याची टूम काढली. तिथे आपल्याला ओळखतं कोण, म्हणाला. मी गाडी जुंपली, तो मागे कडब्यावर उताणा पडून आला. वाटेत जागोजागी आगगाडीच्या रस्त्यासाठी मातीचा भराव घालणं चाललं होतं. दादा पडल्या पडल्या त्याच्याबद्दल विचारत होता. दादाला इतका उमेदीत मी पुन्हा पाहिला नाही.

अकोल्याच्या बाजारात शिरण्याआधी त्याने उजव्या मनगटाला जाड फडकं गच्च गुंडाळलं. मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं. पहिल्याच व्यापाऱ्याने रुमाल टाकला, त्याच्या हाताला फडकं लागलं आणि त्याने विचारलं, हे कशाला? लचक भरली, असं काहीतरी दादा म्हणाला. व्यापाऱ्याने हसत हसत सोडायला सांगितलं. सगळे बघत होते. दादाने फडकं सोडलं. व्यापाऱ्याने मनगट धरलं, जरा वेळ तसंच धरून ठेवलं, आणि सौदा न होताच रुमाल उचलला. आमच्यात सौद्याआधी रुमाल उचलणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

परतीच्या वाटेवर तो पुन्हा कडब्यावर उताणा पडला. मग आभाळाकडे बघत म्हणाला, "म्या भावात खोटं बोललो असतो तं सोसलं असतं. आंगच खोटं बोलून राह्यलं, त्याले काय करू?"

त्यानंतर त्याने खाट धरली. मी जायचो. बाजारातल्या बातम्या सांगायचो, तो तोंड भिंतीकडे करायचा. हात मात्र नेहमी वाकळेखाली. मलाही धरू द्यायचा नाही. अन्न जाईना, पायांत जोर राहिला नाही, आणि उठण्याचे ते टप्पेही बंद झाले. खरं सांगतो, त्याने घाईघाईने उठून धाडकन पडावं, असंही मला वाटायचं, निदान तो उठला तरी असता.

मग अमेरिकेतली लढाई संपली. भाव असा कोसळला की चांदीच्या शेंब्या गेल्या, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. कालचे शेटजी डोकं धरून ओट्यांवर बसले. दादाला मी हे सगळं सांगितलं नाही. सांगून काय, त्याला त्यांचं वाईट व्हायला कुठे हवं होतं? त्याला त्यांनी फक्त खरं मानायला हवं होतं.

एका सकाळी गेलो तर त्याने आपण होऊन हात बाहेर काढला. "धर," म्हणाला. मी मनगट धरलं. नाडी हळू लागत होती, दोन ठोक्यांमध्ये वाट बघावी लागत होती.

"कशी हाय?"

"शांत हाय, दादा."

"मंग जा. सांग त्यायले. म्हना, येऊन धरून पाहा."

त्याची बायको दारात उभी होती. तिने मला डोळ्यांनीच जा म्हटलं. मी गेलो. बाजारात गाड्या नव्हत्या. मुंबईचा मुनीम उतरायचा त्या खोलीला कुलूप होतं, माझा काटाही कधीच उतरवून ठेवला होता. ज्यांनी ज्यांनी दादाचं मनगट चाचपलं त्यांतला एकही तिथे उरला नव्हता. एक म्हातारा राखणदार तेवढा पालापाचोळा झाडत होता. त्याला सांगितलं, दादाची नाडी आता शांत आहे, कोणीही येऊन बघावी.

"कोन दादा?" त्याने विचारलं.

मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि झाडत पुढे गेला.

मी परत आलो तेव्हा दादाच्या ओट्यावर माणसं बसली होती. भावकी जमली होती, वैद्यालाही कोणी बोलावून आणलं होतं. आत दादाची बायको त्याचा हात पदराखाली घेऊन बसली होती, आणि वैद्यालाही त्याच्या मनगटाला हात लावू देत नव्हती.