लासूरचा पिवळा दिवा

आमच्या थोरल्या दिरांइतका दिव्यावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. देवापुढच्या नव्हे, यंत्रावरच्या दिव्यावर. जन्म वीज खात्याच्या सबस्टेशनात गेला. तिथं पॅनेलवर दिवा लागला की हातातला चहा टाकून उठायचं, हा नेम. निवृत्त झाले, पण उठणं सुटलं नाही. फ्रिज आज वेगळ्या सुरात का गुरगुरतोय, समोरच्यांच्या गेटवरचा बल्ब का मिणमिणतोय, असल्या काळज्यांनी भाऊजींना बसवत नसे. आमच्याकडे जेवायला आले तर वरण वाढेपर्यंत इन्व्हर्टरला दोनदा हात लावून येत. "गरम आहे," म्हणत. मी म्हणे, "वरणही गरम आहे, बसा."

अशा माणसाने जुनी गाडी घेऊ नये. त्यांनी घेतली. गारखेड्यात, घराच्या आसपास ती मुकाट चालायची, पण वैजापूरच्या वाटेला लागली आणि लासूर स्टेशन आलं की डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा छोटा पिवळा दिवा पेटायचा. वैजापूर म्हणजे जाऊबाईंचं माहेर. त्यांच्या आईची नजर चालली होती. गेली की परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. म्हातारीने निरोप धाडला होता, "दिसतंय तवर येऊन जा. तुझं तोंड बघून ठेवते." म्हणून दर रविवारी दोघं डबा बांधून निघत आणि दर रविवारी लासूरहून परत येऊन तोच डबा घरी खात.

"अहो, गाडी चालतीय ना?" जाऊबाई विचारत.

"चालतीय. पण दिवा लागलाय."

"मग लागू द्या की! तुम्हाला काय करतोय तो?"

"दिवा उगाच लागत नसतो."

जाऊबाईंचे गुडघे एकटीने एसटीत चढायच्या लायकीचे राहिले नव्हते, आणि घरात गाडी असताना एसटीने जाणं भाऊजींना कमीपणाचं वाटे. मी म्हटलं, "मी नेते तुमच्या गाडीतून." तर म्हणाले, "पेटलेल्या दिव्यावर मी कुणाच्या हातात गाडी देणार नाही, सुमन."

मग सुरू झालं निदान. एका मेकॅनिकने स्कॅनर लावून सेन्सर बदलला. दिवा विझला, लासूरला लागला. दुसऱ्याने दोष पेट्रोलला दिला. तिसऱ्याने बॅटरीची वायर काढून परत लावली आणि दिवा घालवून दाखवला; भाऊजी संतापले, "ही काय दुरुस्ती आहे? हे रोग्याचं तोंड दाबणं झालं!" पुढं पुढं ते भेटेल त्याला विचारू लागले. एका दहाव्याला सगळे कावळ्याची वाट बघत उभे होते, तेव्हा ह्यांनी हळूच गुरुजींना गाठलं. "तुमच्या गाडीचा लागतो का हो?" गुरुजी म्हणाले, "दोन वर्षं झाली. मी त्याच्यावर टिकली लावलीय." भाऊजी घाटावरून घरी येईपर्यंत "टिकली! टिकली!" करत होते. जाऊबाईंना मात्र गुरुजींचं पटलं. पुढच्या रविवारी त्यांनी आपल्या पाकिटातली मोठी टिकली गुपचूप त्या जागी चिकटवली. लासूरला गाडी मागं वळलीच. "कडेनं उजेड फाकतोय," एवढंच भाऊजी बोलले.

ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि तरी शहर पसरत सुटलेलं. जिकडंतिकडं टँकर आणि सिमेंटचे रस्ते. भाऊजींच्या दारचा लिंब रस्तारुंदीत गेला. नळ आला की आमच्याकडं आधीचं भरलेलं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायची रीत. दुष्काळातही ती कुणी मोडली नव्हती. भाऊजी ते शिळं पाणी मातीच्या परळात भरून गाडीखाली ठेवत. लिंब गेल्यावर अंगणात तेवढीच सावली उरलेली. "पाखरांनी जायचं कुठं?" म्हणत.

पाखरांचं माहीत नाही, खारी आल्या. एका शनिवारी सकाळी मी त्यांच्या अंगणात उभी असताना एक खार परळात तोंड घालून चाकावरून वर गेली, ती खाली येईना. मी सरळ भाऊजींना बॉनेट उघडायला लावलं. एअर फिल्टरच्या डब्यामागं, लांबच्या कोपऱ्यात, घरटं! जाऊबाईंच्या वाळत घातलेल्या वाती महिनाभर नाहीशा होत होत्या आणि संशय माझ्यावर होता. त्या सगळ्या तिथं. मधे बोटाएवढी पिल्लं, डोळे मिटलेली. आणि शेजारीच सेन्सरची वायर कुरतडलेली, तांब्याच्या एका तारेवर लोंबत. लासूरच्या अलीकडं रस्ता फुटलेला होता. तिथल्या धक्क्यांनी तार सुटायची आणि दिवा लागायचा. सेन्सर सगळ्यांनी पाहिला, वायर कुणीच नाही.

विजेच्या माणसाला हे दोन मिनिटांचं काम. भाऊजी पक्कड आणि टेप घेऊन आले, वाकले आणि बॉनेट अलगद खाली टेकवलं.

"बाळंतीण आहे," म्हणाले. "गाडी हलवायची नाही."

जाऊबाईंचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. "म्हंजी मी आईला कवा बघायचं? ही पिल्लं कामाधंद्याला लागल्यावर? खारीची पिल्लं दिसतात तुम्हाला, माझी आई नाय दिसत व्हय?"

भाऊजी आत गेले, धुतलेला सदरा घालून पिशवी घेऊन बाहेर आले. "चल. एसटीनं जाऊ."

मीही गेले; गुडघ्यांना एक हात जास्त लागणार होता. भाऊजी बसले नाहीत, ड्रायव्हरच्या पाठीमागं उभे राहिले. लासूर आलं तशी त्यांनी मान लांब केली.

"तुमच्या इथं एकही दिवा लागत नाही?"

"काका, लागायला बल्ब हायेत कुठं?" ड्रायव्हर म्हणाला. "बसा तुम्ही."

भाऊजी येऊन बसले ते डोळे मिटून, थेट वैजापूरपर्यंत.

म्हातारीने लेकीला हनुवटीला धरून दारातल्या उजेडात ओढलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"लई जाडी झालीस गं," ती म्हणाली.

जाऊबाईंनी हे वाक्य पुढं कितीतरी दिवस दागिन्यासारखं मिरवलं. त्यानंतरच्या पावसाळ्याआधी म्हातारीची नजर पूर्ण गेली, आणि काही वर्षांनी म्हातारीही.

पिल्लं मोठी होऊन निघून गेली, वायर बदलली. दिवा पुन्हा कधी लागला नाही. लासूरचा रस्ताही आता गुळगुळीत झालाय. तरी माहेरच्या एखाद्या लग्नकार्याला निघालो की लासूरपाशी भाऊजींचा पाय आपोआप हलका होतो, गाडी मंदावते. जाऊबाई खिडकीबाहेर बघत असतात. मान न वळवता म्हणतात, "नाय लागला. चला."